रक्ताच्या पेशीत साचलेले प्रतिपिंड: एका रिपोर्टाचा अर्थ



गेल्या पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, विहारातली रविवारची वंदना आटोपल्यावर एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचे पती भिवंडीतच यंत्रमागावर काम करतात, वय साठीच्या आसपास. ताई म्हणाल्या, “सिस्टर, ह्यांच्या रक्तात खडे झालेत म्हणतात. आणि मोठ्या दवाखान्याने औषध न देताच घरी पाठवलं. तीन महिन्यांनी या म्हणाले. आपण गरीब, आपली वस्ती अशी, म्हणून टाळतात का हो?”

शेजारच्या कुणीतरी मुतखडा पाडणारे चूर्ण आणून दिले होते. ते दोन आठवडे घेणेही चालू होते.

आम्ही फाइल उघडली. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी ६२,०००. त्यांत लिम्फोसाइट ८६ टक्के. हिमोग्लोबिन १२.४, प्लेटलेट १ लाख ९० हजार. पुढच्या पानावर निदान होते: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल. हा रक्ताचा संथ गतीने वाढणारा कर्करोग. आणि अगदी खाली पॅथॉलॉजिस्टने एक ओळ लिहिली होती की काही पेशींच्या आत स्फटिकासारखे ‘इन्क्लुजन’ दिसतात. त्या एका शब्दाचे घरी येईपर्यंत ‘खडे’ झाले होते.

ताईंचे दोन प्रश्न होते. हे खडे कसले? आणि औषध का दिले नाही? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून या वेळचे आरोग्य पान त्यांच्यासाठी.

प्रतिपिंड कसे तयार होते

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे संरक्षक. त्यांच्यातला एक प्रकार लिम्फोसाइट, आणि लिम्फोसाइटमधला एक प्रकार ‘बी’ पेशी. बी पेशींचे काम प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडी तयार करणे. प्रतिपिंड हे एक प्रथिन आहे. जंतू ओळखून त्याला चिकटायचे आणि त्याचा बंदोबस्त करायला मदत करायची, हे त्याचे काम. लस घेतल्यावर शरीरात जी ताकद येते, तिच्यात या प्रतिपिंडांचा मोठा वाटा असतो.

प्रतिपिंडाची बांधणी चार साखळ्यांची असते. दोन जड आणि दोन हलक्या. हलकी साखळी दोनच प्रकारची असते, एक कॅपा आणि दुसरी लॅम्डा. एक बी पेशी दोन्हींपैकी एकच वापरते आणि आयुष्यभर एकाच नमुन्याचे प्रतिपिंड बनवते. निरोगी माणसात लाखो नमुन्यांच्या बी पेशी असतात, म्हणून तऱ्हेतऱ्हेच्या जंतूंशी लढता येते. प्रतिपिंडाची ही रचना उलगडल्याबद्दल रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन या शास्त्रज्ञांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भिवंडीच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. मागावरून कापड उतरले की ते तसेच बाजारात जात नाही. आधी तपासणी होते, फोल्डिंग खात्यात घडी पडते, तागे बांधले जातात आणि मग टेम्पोत भरून माल बाहेर पडतो. पेशीतही असेच एक खाते आहे. त्याचे नाव एंडोप्लाझमिक रेटिक्युलम. प्रतिपिंडाच्या साखळ्या तिथे तयार होतात, तिथेच त्यांची घडी बसते, जड साखळीला हलकी साखळी जोडली जाते. जोडणी नीट झाली नसेल तर तिथली राखणदार प्रथिने तो माल पुढे सोडत नाहीत. नीट झालेले प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावर बसते किंवा रक्तात सोडले जाते.

माल आतच अडकला तर

सीएलएलमध्ये एकच बी पेशी बिघडते आणि तिच्यासारख्याच हजारो, लाखो पेशी तयार होत राहतात. या सगळ्या एकाच साच्यातल्या. सगळ्यांत एकाच प्रकारची हलकी साखळी, सगळ्यांचे प्रतिपिंड एकाच नमुन्याचे. फ्लो सायटोमेट्री नावाच्या तपासणीत हा एकसारखेपणा दिसतो आणि त्यावरूनच निदान पक्के होते.

सहसा या पेशी प्रतिपिंड फारच थोडे बनवतात. पण काही थोड्या रुग्णांत असे होते की पेशी प्रतिपिंड बनवते आणि ते बाहेर जात नाही. कधी हलक्या साखळीच्या बांधणीत बारीकसा बदल झालेला असतो. त्यामुळे घडी नीट बसत नाही, किंवा ती प्रथिने एकमेकांना चिकटून बसतात. फोल्डिंग खात्यात तागे पडून राहावेत आणि ढीग छताला लागावा, तसा हा साठा होतो. सगळी प्रथिने एकाच नमुन्याची असल्याने ती एकावर एक नेमकी रचली जातात, आणि साखर जशी खडीसाखर होऊन बसते तसे त्यांचे स्फटिक होतात. कधी स्फटिक न होता गोल गोळे होतात. दोन्हींना रिपोर्टात ‘इन्क्लुजन’ म्हणतात. म्हणजे पेशीच्या पोटात साचलेली वस्तू, एवढाच त्याचा अर्थ.

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले मॅक्सिम सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अशा रुग्णांचा अभ्यास केला. पेशीत साचलेली वस्तू म्हणजे त्या पेशीचे स्वतःचेच, बाहेर न पडलेले प्रतिपिंड आहे, हे त्यांनी दाखवले. त्यानंतर जगभरातून अशा रुग्णांच्या नोंदी येत राहिल्या. स्फटिक असलेल्या बऱ्याच रुग्णांत हलकी साखळी लॅम्डा प्रकारची आढळली.

याच्या आधीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९० मध्ये एडिंबराचे विल्यम रसेल यांना कर्करोगाच्या गाठींतल्या काही पेशींत असेच चकचकीत गोळे दिसले. त्यांना वाटले की कर्करोग घडवणारा परजीवी जीवच सापडला. पुढे कळले की ते परजीवी वगैरे काही नसून प्रतिपिंडाचे प्रथिन आहे. आजही त्या गोळ्यांना ‘रसेल बॉडी’ म्हणतात. शिकलेल्या डॉक्टरचीही पहिली समजूत चुकू शकते. पण ती पुन्हा तपासली गेली आणि दुरुस्त झाली. आपल्याही वस्तीत ‘खडे’ ऐकल्यावर चूर्ण आणण्याआधी कुणीतरी विचारायला हवे होते की हे कशावरून?

हे खडे मुतखडे नाहीत

मुतखडा कॅल्शियमसारख्या क्षारांचा असतो, तो मूत्रमार्गात होतो आणि डोळ्यांना दिसतो. पेशीतला स्फटिक प्रथिनाचा असतो आणि सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. तो खाण्यापिण्यातून आलेला नाही. टोमॅटो, पालक, चुना, बोअरचे पाणी यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. कोणत्याही चुर्णाने, काढ्याने, अंगाऱ्याने तो विरघळणार नाही. उलट अशा चुर्णांत काय घातले आहे हे ठाऊक नसते आणि त्याचा भार मूत्रपिंडावर, यकृतावर पडतो. ताईंना आम्ही पहिले सांगितले ते हेच, की चूर्ण आजपासून बंद.

पण रिपोर्टातली ती ओळ निरर्थकही नाही. पॅथॉलॉजिस्टने ती दोन कारणांसाठी लिहिलेली असते.

पहिले कारण, ओळख चुकू नये. तीव्र स्वरूपाच्या एका रक्ताच्या कर्करोगातही पेशीत काडीसारखी वस्तू दिसते, तिला ‘आउअर रॉड’ म्हणतात. पण ती नेहमीच्या रंगद्रव्यात लालसर दिसते आणि वेगळ्या जातीच्या पेशीत असते. सीएलएलमधला प्रतिपिंडाचा स्फटिक सहसा रंग घेत नाही, निळसर पेशीत पांढुरकी सुई किंवा काडी ठेवल्यासारखा दिसतो. दोन्ही आजारांचे उपचार जमीन-अस्मानाइतके वेगळे आहेत. तीव्र आजारात काही दिवसांत उपचार सुरू करावे लागतात, संथ आजारात अनेकदा थांबता येते. म्हणून ही खात्री करणे गरजेचे.

दुसरे कारण, असे प्रथिन रक्तात आणि लघवीतही थोडेफार उतरते का हे पाहावे लागते. त्यासाठी डॉक्टर रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी सांगू शकतात. त्या सांगितल्या तर टाळू नयेत.

मात्र पेशीत स्फटिक आहेत एवढ्यावरून आजार जास्त वाईट आहे असे ठरत नाही, आणि उपचारही बदलत नाहीत. उपचार कशावरून ठरतात ते पुढे पाहू.

औषध न देणे म्हणजे टाळणे का?

पाश्चात्त्य देशांत मोठ्या माणसांत सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया म्हणजे सीएलएल. भारतात तो त्या मानाने कमी दिसतो. बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीच्या पुढचे असतात. तो संसर्गाने पसरत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने होत नाही. गेल्या जन्मीचे पाप, करणी, नजर यांचा प्रश्नच येत नाही. बी पेशीच्या जनुकांत बिघाड होतो आणि पेशी वेळेवर मरत नाहीत, म्हणून त्या साचतात.

या आजाराच्या पायऱ्या ठरवणारी पद्धत १९७५ मध्ये डॉ. कांती राय यांनी मांडली. जोधपूरला जन्मलेले आणि जयपूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले हे डॉक्टर अमेरिकेत काम करत होते. त्यांची पद्धत इतकी साधी आहे की हाताने तपासून आणि साध्या सीबीसीवरून ती ठरवता येते.

शून्य पायरी: फक्त रक्तात लिम्फोसाइट वाढलेले.
पहिली: सोबत मान, काख, जांघ येथे गाठी.
दुसरी: प्लीहा किंवा यकृत वाढलेले.
तिसरी: आजारामुळे हिमोग्लोबिन ११ च्या खाली.
चौथी: प्लेटलेट १ लाखाच्या खाली.

ताईंच्या पतींच्या मानेत लहान गाठी होत्या, बाकी काही नव्हते. म्हणजे पहिली पायरी. या पायरीवर त्रास नसताना केमोथेरपी लवकर सुरू केली तर आयुष्य वाढते का, याचा अभ्यास पूर्वी अनेक रुग्णांवर झाला. वाढत नाही, असे आढळले. औषधांचा त्रास मात्र होतो. म्हणून जगभर, श्रीमंतांच्या दवाखान्यातसुद्धा, अशा रुग्णाला औषध न देता नियमित तपासत राहतात. काहींना अनेक वर्षे औषध लागत नाही, काहींना कधीच लागत नाही.

ताईंची शंका आम्ही हसण्यावारी नेली नाही. आपल्या माणसांना ताटकळत ठेवणे, नीट न बोलणे, हे आम्ही वॉर्डात नोकरी करताना पाहिलेले आहे. म्हणून योग्य थांबणे आणि टाळणे यांतला फरक आपल्याला ओळखता आला पाहिजे. योग्य थांबण्यात तीन गोष्टी असतात. पुढची तारीख लिहून दिलेली असते. त्या तारखेला कोणती तपासणी करायची ते लिहिलेले असते. आणि कोणता त्रास झाला तर तारखेची वाट न पाहता यायचे, हे सांगितलेले असते. या तीनपैकी एकही गोष्ट नसेल तर परत जाऊन विचारा. विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. ताईंच्या फाइलमध्ये तारीख होती, सीबीसी लिहिलेली होती. तिसरी गोष्ट कुणी समजावून सांगितली नव्हती. ती इथे सांगतो.

हिमोग्लोबिन १० च्या खाली किंवा प्लेटलेट १ लाखाच्या खाली येऊ लागणे. गाठी किंवा प्लीहा झपाट्याने वाढणे, डाव्या बरगडीखाली जडपणा वाटणे, दोन घास खाऊन पोट भरणे. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक उतरणे. संसर्ग नसताना दोन आठवड्यांहून जास्त ताप राहणे. महिनाभर रात्री कपडे भिजतील इतका घाम येणे. अंगातली ताकद जाऊन काम न होणे. असे काही झाले तर उपचार सुरू करण्याची वेळ आली असू शकते. नुसता पांढऱ्या पेशींचा आकडा मोठा आहे म्हणून घाबरायचे नाही. तो किती वेगाने वाढतो हे मात्र पाहतात. सहा महिन्यांच्या आत लिम्फोसाइट दुप्पट झाले तर डॉक्टर सावध होतात.

उपचाराची वेळ आली तर आज पूर्वीपेक्षा बरेच मार्ग आहेत. पूर्वी क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्यांवर भिस्त होती. नंतर रिटुक्सिमॅब आले, जे स्वतःच एक प्रतिपिंड आहे. माणसाने प्रतिपिंड कसे बनते हे समजून घेतले आणि त्याच प्रतिपिंडाचे औषध करून बिघडलेल्या बी पेशींवर वापरले. गेल्या दहा-बारा वर्षांत इब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स यांसारख्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या आल्या आहेत. कोणते औषध द्यायचे यासाठी १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला आहे का, अशा जनुकीय तपासण्या करतात. गोळ्या सुरू झाल्यावर स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. इब्रुटिनिबने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून दात काढायचा असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे.

पेशी भरपूर, संरक्षण तुटपुंजे

आता सर्वांत महत्त्वाचे. ताईंनी विचारले, “पांढऱ्या पेशी एवढ्या वाढल्यात, मग ताकद वाढायला हवी ना?” तसे होत नाही. गोदाम तुडुंब भरले, पण सगळा माल एकाच रद्दी नमुन्याचा. बिघडलेल्या पेशींची गर्दी होते आणि चांगल्या बी पेशी मागे पडतात. रक्तातली उपयोगी प्रतिपिंडे हळूहळू कमी होत जातात. काहींच्या पेशीत प्रतिपिंडाचे ढीग साचलेले आणि रक्तात मात्र त्याच प्रतिपिंडांचा दुष्काळ. या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत न्यूमोनियासारखा संसर्ग येतो. म्हणून:

ताप १००.४ अंशांवर गेला की त्याच दिवशी दवाखाना. पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट पाहू नये. घरात थर्मामीटर असावा.

इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस डॉक्टरांना विचारून घ्यावी. जिवंत जंतूंची लस मात्र घेऊ नये. लस टोचणाऱ्याला आजाराचे नाव आधी सांगावे.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकीची तपासणी. आपल्याकडे दाटीची घरे आणि मागाच्या खोल्यांतली कापसाची धूळ असते. खोकला हा नेहमीचाच म्हणून अंगावर काढला जातो. धुळीने फुप्फुसे आधीच दुबळी झालेली असतात. तोंडाला स्वच्छ सुती फडके बांधावे, विडी-तंबाखू सोडावी.

अचानक डोळे पिवळे होणे, धाप लागणे, अंगावर लाल-निळे डाग उठणे, हिरड्यांतून रक्त येणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच जावे. या आजारात शरीर कधी कधी आपल्याच तांबड्या पेशी किंवा प्लेटलेट नष्ट करू लागते.

आणखी एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. मानेत गाठ आली की टीबी असे धरले जाते. टीबीच्या गाठी आपल्याकडे भरपूर, त्यामुळे शंका येणे बरोबरच. पण गाठीतले पाणी किंवा तुकडा तपासल्याशिवाय महिनोन्‌महिने गोळ्या खात बसू नये. निदान एक सीबीसी करावी. सीबीसीत पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा घेऊन त्याला लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी गुणा. ६२,००० चे ८६ टक्के म्हणजे ५३,००० हून अधिक. मोठ्या माणसात हा आकडा साधारण ४,००० च्या आत असतो. तो ५,००० च्या वर तीन महिने टिकून राहिला तर रक्तविकार तज्ज्ञांना दाखवायलाच हवे.

खर्चाचे काय

सीबीसी सरकारी दवाखान्यात होते, त्यासाठी मुंबईला धावायची गरज नाही. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. पुढची तपासणी आणि उपचार यांसाठी परळचे केईएम, टाटा स्मारक रुग्णालय ही ठिकाणे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांवरचे नाव जुळते का हे आजच पाहून ठेवा, अनेकांचे काम तिथेच अडते. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. कोणती तपासणी व औषध योजनेत बसते हे त्याला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला जवळ असू द्या.

ज्यांचे कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड आहे त्यांनी ते वापरावे. या विम्याचे मूळ आपल्याला माहीत असावे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४३ मध्ये, प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले, आणि त्यातून पुढे १९४८ चा कायदा आला. मागावर काम करणाऱ्या किती जणांचे कार्ड आज निघालेले आहे, हा प्रश्न प्रत्येक वस्तीने आपल्या मालकाला विचारायला हवा.

आजारी भिक्खू आणि आपण

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला आंघोळ घातली, उचलून अंथरुणावर ठेवले, आणि मग संघाला एकमेकांच्या शुश्रूषेची जबाबदारी समजावली. त्याच ठिकाणी चांगला रुग्ण कसा असतो हेही सांगितले आहे. तो पथ्य पाळतो, औषध घेतो आणि सेवा करणाऱ्याला आपला आजार जसा आहे तसा सांगतो. आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा पुस्तकात हेच वेगळ्या शब्दांत होते.

आजार लपवणे आपल्याकडे अजून फार आहे. कॅन्सर म्हटले की मुलीचे लग्न मोडेल, मालक कामावरून काढेल, ही भीती खोटी नाही. पण लपवलेल्या आजाराला ताप येतो तेव्हा शेजारी मदतीला धावू शकत नाही.

ताईंचे पती तीन महिन्यांनी ठरल्या तारखेला गेले. आकडे जवळजवळ तेवढेच होते, हिमोग्लोबिन टिकून होते. पुन्हा पुढची तारीख मिळाली. ते मागावर जातात, पण रात्रपाळी सोडली आहे. फाइलच्या पहिल्या पानावर ताईंनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: ‘ताप १००.४, त्याच दिवशी.’ विहारातल्या महिला मंडळाने एक थर्मामीटर घेऊन ठेवला आहे, तो कुणालाही नेता येतो. तुमच्या विहारातही असा एक ठेवा.

नमो बुद्धाय. जयभीम.